मालनबाईंच्या नावाचे तीनशे बो

बजाजनगर
३ ऑगस्ट २०२५

आत्या,

जय भीम. तीन दिवस झाले तुमचा फोन लावतेय. आधी घंटी जायची आणि कुणी उचलायचं नाही, कालपासून तर घंटीही जात नाही. म्हणून कचरूभाऊच्या पिकअपमध्ये कामाचं पोतं पाठवतेय त्यातच ही चिठ्ठी घातलीय. आधी चिठ्ठी वाचा, मग पोतं सोडा.

यशोचे पप्पा गेल्या सोमवारी सकाळी घरातून गेले ते अजून आले नाहीत. आज सातवा दिवस. अंगावर निळा शर्ट आणि पायात चप्पल, बाकी सगळे कपडे दोरीवर तसेच आहेत. फोन बंद. तुमच्याकडं आलेत का? हो किंवा नाही, एवढंच लिहून कचरूभाऊच्या हातात द्या. बाकी काही लिहू नका.

तुम्ही म्हणाल भांडण झालं का. भांडण नाही झालं, थोडं बोलणं झालं. एप्रिलमध्ये कंपनीनं ठेक्यावरची माणसं कमी केली तेव्हापासून ते घरीच होते, तुम्हाला माहीतच आहे. घरी बसलेल्या माणसाला एखादा शब्द जास्त लागतो.

मी स्वतःच सोयगावला आले असते. पण येण्याजाण्यात अख्खा दिवस जातो, आणि मी तिकडं असताना ते इकडं आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? परत फिरले तर? या भीतीनं मी सात दिवसांत गल्लीच्या टोकापलीकडं गेले नाही. भाजीसुद्धा यशोला आणायला पाठवते आणि ती येईपर्यंत दारात उभी राहते. तिला सांगितलंय पप्पा गावाला गेलेत. ती रोज विचारते, कोणत्या गावाला?

कामाचं लिहिते, नाहीतर राहून जाईल. मागच्या साली केले तसेच बो आहेत, फुलपाखरासारख्या गाठीचे, तीनशे. कापड लाल-हिरव्या चौकड्यांचं, पट्ट्या मी कापून दिल्यात. दोन्ही काठ दुमडून बारीक नेफा शिवायचा, त्यातून तार ओवायची, मग दोन पाळ्या वळवून मधे पट्टी आवळायची. शेपट्या यंदा वीतभर लांब हव्यात. तारेचं टोक कुठं बाहेर आलं, हाताला टोचलं, तर काम देणाऱ्या मॅडम अख्खा गठ्ठा परत करतात. ऑगस्टअखेरपर्यंत द्यायचेत, नाताळचा माल जहाजानं जातो ना.

उत्तराची वाट बघतेय.

तुमची
रूपा

◆

सोयगाव
६ ऑगस्ट

रूपास जय भीम आणि यशोला लई लई पापे.

चिठ्ठी पोचली, पोतं पोचलं. राजकुमार इथं आलेला नाय.

फोनचं म्हणशील तर तो हौदात पडला. दुरुस्तीला टाकलाय, कधी यील सांगता येत नाय, दुकानवाला नुसता उद्या उद्या करतो. तवर चिठ्ठीच बरी. आन शेजारच्या कडुबाला तू कामून फोन केला? तो आला का अर्ध्या गावाला घेऊन येतो. काय असंल ते मला लिही, दुसऱ्या कुणाला विचारू नको.

तू लिहितीस थोडं बोलणं झालं. थोडं म्हणजे किती गं माय? माझं लेकरू लहानपणापासून मुकं. मारलं तरी हूं का चूं करत नव्हतं, शाळेत मास्तर म्हणायचे मालनबाई, तुमचा पोरगा वर्गात हाय का नाय तेच कळत नाय. असा माणूस घर सोडून जातो म्हणजे काहीतरी लई आत गेलेलं असतं. मला खरं लिही, काय बोलली तू?

बाकी तू फिकीर करू नको. तो सुखरूप असंल. कुठंतरी काम बघत असंल, लागलं का यील. सात दिवस म्हणजे काय सात वर्षं नायत.

शंभर बो पाठवतेय, मोजून घे. मागच्या साली तू फोटो दाखवला होता, ती लोकं दाराला पानांचं हिरवं कडं टांगत्यात आन त्यावर हे बो लावत्यात. शिवताना मनात येतं, तसलं गोल कडं आपल्याकडं जवान शहीद झाला का त्याच्यावर ठेवत्यात, आन ही लोकं घराच्या दाराला लावत्यात! ज्याची त्याची रीत बाई.

यशोला सांभाळ. तू पन जेवत जा.

मालनबाई

◆

बजाजनगर
१० ऑगस्ट

आत्या,

तुमची चिठ्ठी तीनदा वाचली. अक्षर इतकं मोठं मोठं का काढलंय? एका पानावर सहा ओळी. पहिली पानं उलटताना माझा जीव वर होता, की पुढच्या पानावर तरी "आला" असं असेल.

तुम्ही विचारलंत काय बोलले. सांगते. तुमच्यापासून लपवून मला तरी कुठं झोप लागतेय.

त्या सोमवारी खोलीत गल्लीतल्या चौघी बायका बसल्या होत्या. सगळ्या माझ्याकडं बो करायला येतात. यशोचे पप्पा कोपऱ्यात बसून तार ओवत होते. मीच त्यांना म्हटलं होतं, रिकामे बसण्यापेक्षा हात लावा. आत्या, त्यांचा हात फार सावकाश. बायका एका बोला चार मिनिटं घेतात, यांना पंधरा लागायची. तार सरळ करणार, पुन्हा बघणार, पुन्हा सरळ करणार. अकरा वर्षं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधले कंपनीत, तिथली सवय. लक्ष्मीबाई म्हणाली, "भाऊजी, तुमचा एक बो होईपर्यंत नाताळ होऊन जाईल." सगळ्या हसल्या. ते पण हसले. तिथंच थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "असाच हात आहे यांचा, म्हणून तर कंपनीनं पहिलं नाव यांचं काढलं."

मी हे हसत हसत म्हणाले. रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी हातातली पकड पट्ट्यांच्या ढिगावर ठेवली, माठातलं पाणी प्यायले आणि चप्पल घालून गेले. मला वाटलं चहाला गेले. मी हाकसुद्धा मारली नाही, समोर दोनशे बोंचा ढीग होता ना.

आता बसलं तरी बसवत नाही. सकाळी लवकर कंपनीच्या गेटवर जाऊन आले, शेजारणीला दारात बसवून. रांजणगावच्या चौकात जिथं मजूर उभे राहतात तिथं बघितलं. इथल्याच पंढरपूर फाट्याला त्यांचा एक मित्र राहतो, त्यालाही माहीत नाही. मशीनवर बसले की पाय थांबतो आणि कान दाराकडं जातात. काल एक पट्टी उलट्या बाजूनं शिवली, उसवली, पुन्हा उलटीच शिवली.

तुमचे शंभर बो मॅडमनी हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, सगळ्यात उत्तम गठ्ठा हाच. पोत्यात दाबून आले तरी पाळ्या उघडल्या की तशाच ताठ. वय वाढतं तसा तुमचा हात सुधारतोय.

मी ठरवलंय, परवा पोलीस चौकीत जाऊन हरवल्याची तक्रार देते. तुमच्याकडं त्यांचा अलीकडचा फोटो असेल तर पाठवा. माझ्याकडं लग्नातलाच आहे, त्यात ते फार बारीक दिसतात.

रूपा

◆

सोयगाव
१२ ऑगस्ट

रूपा,

जय भीम. कचरूला थांबवून घाईघाईनं लिहितेय.

पोलिसात जाऊ नको. अजिबात जाऊ नको. ते काय करतात? आधी तुलाच दहा प्रश्न विचारतील, मारलं का, हाकललं का. मग फोटो इकडं तिकडं फिरवतील, सगळ्यांच्या मोबाईलवर त्याचं तोंड. त्याला कळलं तर आनखी बिथरंल. म्हणजे जिथं असंल तिथं कळलं तर. माणूस आधीच शरमंनं मान खाली घालून बसलेला, त्याचा फोटो चौकात लावायचा व्हय?

तू बोलली ते वाईटच बोलली. मी सासू हाय म्हणून नाय म्हणत. बायांच्या समोर बोलली हे वाईट. अन त्याचा हात मंद नाय, नीट हाय. नीट काम करायला येळ लागतो. तुला घाई असती, मॅडमला घाई असती, जहाजाला घाई असती. तो वाईट नाय करत, सावकाश करतो. पन जाऊ दे, झालं ते झालं, मी पन माझ्या सासूला कमी बोलले नाय.

तू नीट जेव. तो पन जेवत नसंल धड, भाकरी पुढ्यात घेऊन नुसता बसत असंल. आपल्या पोटचा माणूस, आपल्याला अंदाज येतो.

आनखी दीडशे बो पाठवलेत. मला तार कमी पडतीय, एक बंडल पाठव. इथली पकड जाड हाय, एक बारीक नाकाची पाठव. आन काळी चिकटपट्टी असती ना वायरवाल्यांची, इथली संपली, ती दोन नग.

पोलिसात जाऊ नको. तुला यशोची आन.

मालनबाई

◆

बजाजनगर
१६ ऑगस्ट

आत्या,

मी पोलिसात गेले नाही. तुम्ही आन घातलीत म्हणून. आपल्यात आन-शपथ कुणी मानत नाही, तुम्हीच मला हे लग्नानंतर शिकवलंत, तरी घातलीत. परवा काय झालं ते आज लिहिणार नाही.

आज दुसरंच लिहायचंय.

सकाळी तुमच्या दीडशेतला एक बो चेपला होता, मधली पट्टी सैल वाटली म्हणून उसवला. आत तारेचं टोक बघितलं. आत्या, मागच्या साली तुम्ही चारशे बो केले होते, ते सगळे मी स्वतः तपासले होते. तुम्ही तारेचं टोक नुसतं मुडपता आणि दातानं दाबता. मी तुम्हाला सांगितलंही होतं, दात जातील, पकड घ्या. या बोत टोक मागं वळवून स्वतःभोवती दोन वेढे दिलेत, पकडीनं चपटं केलंय आणि वर काळ्या पट्टीचा नखाएवढा तुकडा गुंडाळलाय. मग मी दुसरा उसवला. मग तिसरा. अकरा बो उसवले. अकराही तसेच.

असं टोक शिलाईवाली बाई बांधत नाही. असं टोक कंपनीत बांधतात, वायर गाडीच्या पत्र्याला घासू नये म्हणून. मला लग्नानंतर एकदा घरच्या मिक्सरची वायर तुटली होती तेव्हा त्यांनी करून दाखवलं होतं. म्हणाले होते, टोक नीट झोपवलं की ते कुणाला टोचत नाही.

लक्ष्मीबाई विचारत होती, काय गं, रडतेस का हसतेस?

कचरूभाऊला विचारलं. सरळ विचारलं, राजकुमार तिकडं आहेत का? तो गाडीच्या आरशात बघून मिशी पुसत बसला. मिशी स्वच्छच होती.

आत्या, मी तुम्हाला काही बोलत नाही. एकच मागणं आहे. "राजकुमार इथं आलेला नाही" असं तुम्ही सहा तारखेला लिहिलंत. तेच वाक्य आज पुन्हा एकदा लिहून पाठवा. पुन्हा लिहिलंत तर मी मानेन, आणि उद्याच पोलिसात जाईन.

तार, पकड आणि पट्टी पाठवलीय.

रूपा

◆

सोयगाव
१९ ऑगस्ट

रूपा, माझ्या लेकी,

नाय लिहवत. तीनदा पेन्सिल धरली.

तो इथंच हाय. ज्या दिवशी तुझ्याकडून निघाला त्याच दिवशी शेवटच्या बसनं आला. दारात उभा राहून म्हणला, आई, रूपाला कळवलं तर मी इथून पन जाईन, मग कुठं जाईन ते तुला पन कळणार नाय. मी आई हाय गं. मला वाटलं निदान डोळ्यासमोर तरी राहू दे. एकीकडं तू, एकीकडं तो, मी मधे सापडले.

फोन हौदात पडलेला नाय. बंद करून डब्यात ठेवलाय. मला तोंडानं खोटं बोलता येत नाय, तू "आत्या" म्हणली असती का मी भडाभडा सगळं ओकले असते. कागदावर मातर जमतं. कागद समोर बघत नाय ना, तुझा आवाज नसतो त्यात. म्हणून चिठ्ठीच बरी असं लिहिलं.

पन तेही नाय जमलं मला. वर्षावास चालू हाय, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, आधी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हणायचं. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाय, का माझे ओठ नुसते हलतात. आवाज निघत नाय. शेजारची सत्यभामा परवा म्हणाली, मालनबाई घसा बसला का? म्हटलं व्हय. बघ, तेही खोटंच.

आनखी एक खोटं. या साली मी एकही बो शिवलेला नाय. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यानं कागद कळतो, सुईचं नाक कळत नाय. तुला सांगितलं असतं तर तू काम दिलं नसतं आन डॉक्टरकडं नेलं असतं, तुझ्यावर किती भार टाकायचा? पोतं आलं तेव्हा मनात होतं कुणाकडून तरी करून घीन. ते राजकुमारनं सोडलं. रात्रभर नुसत्या पट्ट्यांकडं बघत बसला. पहाटं मशीनला तेल दिलं. तवापासून दाराला कडी लावून शिवतोय. नेफा बघशील तर काय सरळ! पहिल्या दिवशी वीस झाले, आता पन्नास होतात. कुणी बाई आली का तो आतल्या खोलीत जातो आन मी मशीनवर बसते. सुईत दोरा नाय, खाली कापड नाय, नुसतं पायटं मारते. सत्यभामा म्हणती, डोळा गेला पन बाईचा उत्साह बघा.

मॅडमनं कौतुक केलं ते त्याला वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या.

मी त्याला म्हटलं जा आता घरी. म्हणतो, काम लागल्याबिगर नाय जाणार, कोणत्या तोंडानं जाऊ. तू ये रूपा. तू आली का त्याचा निश्चय मोडंल. ही चिठ्ठी त्याला माहीत नाय.

तुझी गुन्हेगार
मालनबाई

◆

बजाजनगर
२२ ऑगस्ट

आत्या,

काल पोळ्याच्या बाजारामुळं कचरूभाऊ उशिरा आला, तुमची चिठ्ठी आज सकाळी हातात पडली. ते जिवंत आहेत, भाकरी खातायत, शिवतायत. वाचून मी भिंतीला टेकून खाली बसले. यशो घाबरली. तिला म्हटलं, पप्पा आजीकडं आहेत. ती म्हणाली, मग तू रडतेस कशाला?

मी येणार नाही.

चौदा तारखेला काय झालं ते तेव्हा लिहिलं नाही, तुम्हाला धक्का बसेल म्हणून. आता लिहिते. तुम्ही "पोलिसात जाऊ नको" लिहिलंत, मी नाही गेले. पण त्या दिवशी गल्लीत खबर आली की वाळूज रस्त्याच्या कडेला एक माणूस सापडलाय, ओळख पटत नाही, चाळिशीच्या आतला, अंगात निळा शर्ट. लक्ष्मीबाईचा दीर सरकारी दवाखान्यात कामाला आहे, तो म्हणाला, वहिनी, एकदा बघून घ्या, मनाची खात्री होईल. मी गेले. यशोला शेजारी ठेवलं आणि त्याच्या मागं मोटारसायकलवर बसून गेले.

तिथं लांबलचक खोलीत त्यांनी चादर पायाकडून वर केली. तोंड बघण्यासारखं नव्हतं म्हणे. मी पायच बघितले. आत्या, मी दहा वर्षं त्या माणसाच्या पायाला तेल लावलंय, हिवाळ्यात त्यांच्या टाचा फुटतात तेव्हा. तरी तिथं मला आठवेना. डाव्या अंगठ्याचं नख कसं आहे, आठवेना. मी त्या परक्या पायांकडं बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. लक्ष्मीबाईचा दीर विचारत होता, वहिनी, आहेत का? वहिनी, बोला. मग दिसलं, त्या माणसाच्या घोट्यावर जन्मखूण होती, काळी, आठ आण्याएवढी. यांना तसं काही नाही.

बाहेर आले आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, उडी मारावी असा आनंद झाला. दुसऱ्या कुणाच्यातरी घरचा माणूस मेला होता आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसत होते. त्या आनंदाची मला इतकी लाज वाटते की अजून मी लक्ष्मीबाईच्या दिराच्या डोळ्याला डोळा देत नाही.

त्या वेळी ते तुमच्या घरात कडी लावून नेफा शिवत होते.

मी बायांसमोर बोलले ते चुकलं. माझं चुकलंच, त्याला फाटे फोडत नाही. त्याची माफी मी तोंडावर मागेन, लागल्या तर त्याच चौघींसमोर मागेन. पण एका वाक्याला एवढी सजा असते का? माणूस रागावला तर रागावतो, शिवी देतो, दार आपटतो, चार दिवस बोलत नाही. जिवंत आहे एवढं तरी कळवतो. मी त्यांच्या कामावर बोट ठेवलं, त्यांनी माझ्याकडून मेलेल्या माणसाचे पाय बघवले.

काम लागल्यावर येईन म्हणतात. मला काम लागलेला माणूस नको होता. मला माणूस हवा होता. आता हवा आहे का, ते मला आज सांगता येत नाही.

मी बोलवायला येणार नाही, निरोप पाठवणार नाही, रागही आता दाखवणार नाही. उरलेले पन्नास बो पाठवा, नाही पाठवलेत तरी चालेल. ही चिठ्ठी त्यांना दाखवायची तर दाखवा.

डोळ्याचं आधी सांगायला हवं होतं. दिवाळीआधी शस्त्रक्रिया करू. ते माझ्याकडं लागलं, त्याचा यांच्याशी संबंध नाही.

रूपा

◆

सोयगाव
२५ ऑगस्ट, पहाटे

रूपा,

तुझी चिठ्ठी काल आली. पहिल्या चार ओळी मी वाचल्या आन मला कळलं ही माझ्यासाठी नाय. मग डोळ्याचं निमित्त केलं. राजकुमारला म्हटलं, मला दिसंना, तू मोठ्यानं वाच.

पहिल्या ओळी बघून त्याचा रंग उतरला. म्हणला, तू तिला कळवलं? म्हटलं, व्हय, कळवलं, आता जायचं तर जा, पन आधी हे वाच. म्हातारीला वाचून दाखवायला तरी काय जातं तुझं.

वाचायला लागला. पोळ्याचं वाचलं, यशोचं वाचलं. चादरीचं आलं तिथं आवाज थांबला. म्हटलं, पुढं वाच. म्हणला, आई, पुढं नाय. म्हटलं, वाच. तिनं डोळ्यानं बघितलं, तुला नुसतं वाचायला काय झालं? मग वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, डोळ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत. मी त्याला कुठंच थांबू दिलं नाय. आई असून थांबू दिलं नाय.

मग तो उंबऱ्यावर जाऊन बसला. आपल्याच पायांकडं बघत बसला. मी भाकरी वाढली ती तशीच राहिली. सत्यभामा आली, तिच्यासमोर तसाच बसून राहिला, आत नाय गेला. ती म्हणाली, अगं बया, राजकुमार कधी आला? तो म्हणला, काकू, एक महिना झाला. इथंच होतो, लपून होतो. बो मीच शिवत होतो, आई नाय. सत्यभामा पदर तोंडाला लावून निघून गेली. आज सकाळपर्यंत गावाला कळलं असंल. कळू दे.

मग मला विचारलं, आई, तिनं दार लावलं तर?

मी म्हटलं, तर बाहेर उभा राहा.

आन किती येळ?

म्हटलं, ते ती ठरवंल. तू सत्तावीस दिवस ठरवले, आता तिची बारी.

मी तुझी बाजू घेत नाय अन त्याची पन घेत नाय. माझं खोटं मी कबूल केलं, त्याचं त्यानं करावं. तू त्याला माफ कर असं मी या कागदावर लिहिणार नाय. सासूनं असं लिहिलं का सुनेला नाय म्हणता येत नाय, ते मला माहीत हाय, मी पन सून होते.

पोतं कचरूच्या गाडीत घातलंय. त्यात पन्नास बो हायत. ही चिठ्ठी पोत्यात घातलेली नाय. डिंकानं चिकटवून राजकुमारच्या खिशात दिलीय आन सांगितलंय, फोडायची नाय, तिच्या हातात द्यायची, आन ती वाचेस्तोवर एक शब्द बोलायचा नाय.

म्हणजे आता तो तुझ्या दारात उभा असंल. निळाच शर्ट हाय अंगात, दुसरा नव्हता त्याच्याकडं, काल मी धुऊन दिला. बाया कामाला बसल्या असतील तर असू दे. घाई करू नको. वाचून झालं म्हणून लगेच मान वर करू नको. हवं तर पुन्हा पहिल्यापासून वाच.

मालनबाई